परिचारिकेच्या हक्काचे तीस तास

दुर्गम भागातील आरोग्यसेवा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे गडचिरोलीचे जंगल किंवा मेळघाटातील डोंगर उभे राहतात. मराठवाड्याची दुर्गमता तशी नाही. इथे बहुतेक ठिकाणी डांबरी रस्ता असतो, दिवसातून दोन-तीनदा एसटी येते आणि मोबाइलचा टॉवरही दिसतो. तरीही किनवटहून आपल्याच जिल्ह्याचे ठिकाण असलेले नांदेड शंभर किलोमीटरहून दूर पडते आणि तेलंगणातले आदिलाबाद त्यापेक्षा कितीतरी जवळ असते. आष्टीला बीडपेक्षा अहिल्यानगर जवळ आहे. अजिंठ्याचा घाट उतरून खाली वसलेल्या सोयगावला छत्रपती संभाजीनगरपेक्षा जळगाव जवळचे वाटते. ही दुर्गमता अंतराइतकीच प्रशासनाने आखलेल्या रेषांचीही आहे, कारण परिचारिकेचे प्रशिक्षण, बढतीची फाइल, तिच्या शंकेला उत्तर देऊ शकणारी अनुभवी परिसेविका आणि अवघड रुग्ण पाठवण्याचे रुग्णालय हे सगळे जिल्ह्याच्या ठिकाणी असते, आणि ती मात्र जिल्ह्याच्या टोकावर असते.

या टोकावर मी माझ्या नोकरीची पहिली नऊ वर्षे काढली आहेत आणि आता काही वर्षे परिचर्येच्या विद्यार्थिनींना शिकवते आहे. म्हणून हा प्रश्न मी दोन्ही बाजूंनी पाहिला आहे, आणि त्याचे निदान नेहमी चुकते असे माझे मत आहे. प्रशिक्षणे कमी पडतात, ती वाढवा, असे सर्वसाधारणपणे म्हटले जाते. माझ्या अनुभवाने सांगते, प्रशिक्षणे कमी नसतात. प्रशिक्षणाहून परतलेल्या परिचारिकेला तिच्या कामाच्या जागी एकटे सोडले जाते, आणि शिकलेले तिथेच विरून जाते.

रुजू होऊन साधारण वर्ष झाले असताना एका रात्री माझ्या हातात आलेले मूल रडले नाही. नवजात शिशू सुरक्षा कार्यक्रमाचे दोन दिवसांचे प्रशिक्षण मी घेतलेले होते आणि प्रमाणपत्र घरी जपून ठेवले होते. पहिल्या मिनिटात काय करायचे हे मला शब्दशः पाठ होते. मात्र श्वास देण्याची पिशवी आणि मास्क कपाटात कुलूपबंद होते, कारण त्यांची नोंद डेड स्टॉक रजिस्टरमध्ये, म्हणजे टिकाऊ सरकारी मालमत्तेच्या वहीत होती, वस्तू हरवली तर वसुली लागेल अशी धास्ती होती, आणि किल्ली ज्यांच्याकडे होती ते गावी गेले होते. बाळाला कोरडे करून पाठ चोळल्यावर त्याने स्वतःच श्वास घेतला म्हणून ते वाचले. दुसऱ्या दिवशी किल्ली आल्यावर मी मास्क बाहेर काढला, तेव्हा तो अजून प्लास्टिकच्या वेष्टणात होता आणि तो बाळाच्या तोंडावर कसा धरायचा हे माझे हात विसरले होते. त्या आठवणीने मला पुढे कधीही स्वस्थ बसू दिले नाही.

हात का विसरतात याचा हिशेब साधा आहे. जन्मणाऱ्या शंभर बाळांपैकी सुमारे दहा बाळांना श्वास सुरू करण्यासाठी थोडीफार मदत लागते आणि सुमारे एका बाळाला सर्व उपाय करावे लागतात, असे वैद्यकशास्त्र सांगते. आता ज्या प्राथमिक आरोग्य केंद्रात महिन्याला पाच प्रसूती होतात ते घ्या. वर्षाच्या साठ प्रसूती तीन परिचारिकांमध्ये वाटल्या तर प्रत्येकीच्या वाट्याला वीस येतात. म्हणजे मदत लागणारी बाळे वर्षाला दोन, आणि खरोखर प्राण कंठाशी आणणारे बाळ पाच वर्षांतून एक. प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव किंवा गर्भवतीला येणारे झटके यांचेही असेच आहे. ज्या कौशल्यावर जीव अवलंबून असतो ते वापरण्याची वेळ क्वचित येते, आणि क्वचित वापरले जाणारे कौशल्य सरावाशिवाय टिकत नाही. छत्रपती संभाजीनगरच्या घाटी या मोठ्या शासकीय रुग्णालयाच्या प्रसूतिगृहातील परिचारिका रोजच्या कामातूनच तयार राहते. किनवट-माहूरच्या तिच्या बहिणीला तो सराव मुद्दाम मिळवून द्यावा लागतो. म्हणून दुर्गम भागातील परिचारिकेला शहरातल्या परिचारिकेपेक्षा जास्त आणि वेगळ्या प्रकारचे प्रशिक्षण हवे. व्यवहारात नेमके उलटे घडते.

याला इतिहासही आहे. प्रसूती करणारी प्रशिक्षित स्त्री म्हणून ज्या सहायक परिचारिका-प्रसाविकेची, म्हणजे आजच्या आरोग्य सेविकेची, कल्पना होती, तिला १९७३ च्या कर्तारसिंग समितीच्या शिफारशींनंतर बहुउद्देशीय कर्मचारी करण्यात आले. लसीकरण, कुटुंबनियोजन, सर्वेक्षण, हिवताप, क्षयरोग अशी कामे एकामागून एक तिच्या झोळीत पडत गेली आणि पुढे अभ्यासक्रमाचा काळही दोन वर्षांवरून दीड वर्षावर आला. तो पुन्हा दोन वर्षांचा होईपर्यंत तीन दशकांहून अधिक काळ लोटला. या काळात तयार झालेल्या अनेकजणी आज सर्वात अनुभवी म्हणून उपकेंद्रे सांभाळत आहेत. मैदानी भागात पाच हजार आणि डोंगरी व आदिवासी भागात तीन हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, असा निकष आहे. या लोकसंख्येच्या सगळ्या नोंदी आरोग्य सेविकेने आधी रजिस्टरमध्ये, मग टॅबमध्ये आणि मग आणखी एखाद्या पोर्टलवर भरायच्या असतात. तिच्या कामाचे मूल्यमापन नोंदींवरून होते. तिच्या हाताकडे पाहणारे कोणी नसते.

भारतीय परिचर्या परिषदेच्या धोरणानुसार परिचारिकेला नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत दीडशे तासांचे निरंतर शिक्षण पूर्ण करावे लागते. हा नियम मला योग्य वाटतो. त्याची अंमलबजावणी मात्र दुर्गम भागातील परिचारिकेवर अन्याय करणारी आहे. तिला रजा टाकावी लागते, स्वतःच्या पैशाने प्रवास करावा लागतो, शुल्क भरावे लागते आणि शहरातल्या एखाद्या सभागृहात दिवसभर बसून असे विषय ऐकावे लागतात ज्यांचा तिच्या आरोग्य केंद्राशी काडीचा संबंध नसतो. अतिदक्षता विभागातील यंत्रांवरची उत्तम व्याख्याने मी अशा परिचारिकांसोबत बसून ऐकली आहेत ज्यांच्या केंद्रात उन्हाळ्यात दुपारभर वीज नसते. त्याच दिवशी, प्रसूतीनंतरचा रक्तस्राव रोखणारे ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन दोन ते आठ अंश तापमानात ठेवावे लागते, तर बेचाळीस अंशांच्या मे महिन्यात वीज गेल्यावर ते कुठे ठेवायचे आणि त्याची शक्ती उरली आहे की नाही याचा अंदाज कसा घ्यायचा, यावर कोणी एक तास दिला असता तर त्या सगळ्यांचा उपयोग झाला असता. वह्या मिटून सगळ्या परतीच्या एसटीच्या वेळेकडे पाहत होत्या, आणि त्यात त्यांचा दोष नव्हता.

पाच वर्षांत दीडशे तास म्हणजे वर्षाला तीस तास आणि महिन्याला अडीच तास. आता दुसरी गोष्ट पाहा. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात दर महिन्याला सभा होतेच. सगळ्या उपकेंद्रांच्या सेविका, सेवक, सहाय्यिका तिथे जमतात. उद्दिष्ट किती, साध्य किती, कोण मागे, कोणाचा अहवाल आला नाही, यात दिवस जातो. याच सभेतील अडीच तास शिक्षणासाठी राखून ठेवले, त्यांना परिचर्या परिषदेकडून मान्यता घेतली आणि हजेरीचे गुण परिचारिकेच्या नोंदणीत जमा केले, तर नूतनीकरणाची संपूर्ण अट कामाच्या वेळेत, कामाच्या जागी, एक रुपया न भरता पूर्ण होते. जमलेल्या माणसांना पुन्हा जमवावे लागत नाही. अहवाल आता टॅबवरून रोज वर जातातच. ते मोठ्याने वाचून दाखवण्यासाठी चाळीस माणसांचा दिवस घालवण्याचे कारण उरलेले नाही.

त्या अडीच तासांत काय व्हावे याबद्दल माझा आग्रह आहे. पहिला तास हाताच्या सरावाचा असावा: बाहुलीवर श्वास देणे, रक्तस्राव थांबवण्यासाठी गर्भाशयावर दाब देणे, झटके येणाऱ्या मातेला मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस देऊन पुढे पाठवणे. हा डोस देण्याची परवानगी आरोग्य सेविकेला शासनाच्या मार्गदर्शक सूचनांनी दिलेली आहे. न देण्याचे कारण बहुधा भीती असते, आणि भीती सरावानेच जाते. नवजात बाळाच्या श्वासाविषयीच्या प्रशिक्षणाचा जगभरचा अनुभव हेच सांगतो की एकदाच घेतलेल्या मोठ्या शिबिरापेक्षा वारंवार केलेला थोडा सराव जास्त टिकतो. उरलेला वेळ त्या महिन्यात त्याच केंद्रात घडलेल्या एका प्रकरणाला द्यावा. काय दिसले, काय ठरवले, कुठे उशीर झाला, हे ज्या परिचारिकेने ते पाहिले तिनेच सांगावे.

असे मोकळेपणाने सांगता येण्यासाठी एक गोष्ट आधी बदलावी लागेल. मातामृत्यूच्या अन्वेषणाचे तत्त्व दोष न शोधता कारण शोधणे हे आहे. मार्गदर्शक सूचनांत तसे स्पष्ट लिहिलेले आहे. खाली येईपर्यंत त्याची कारणे दाखवा नोटीस होते. नोटीस कोणाला येते? बहुतेक वेळा यादीत जी सर्वात खाली असते तिला. मग पुढच्या वेळी अवघड बाई दिसली की परिचारिका हात लावण्याआधीच तिला पुढे पाठवते आणि कागदावर आपली सुटका करून घेते. वाटेत गाडीत बाळंत झालेल्या बायकांमागे ही नोटीसही असते, हे आपण मान्य केले पाहिजे.

जामखेड तालुका मराठवाड्यात नाही, पण तो आष्टी-पाटोद्याला लागूनच आहे. तिथे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केले आणि १९७९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुरस्काराचा उल्लेख सगळे करतात. मला त्यांच्या पद्धतीतला एक साधा नियम अधिक महत्त्वाचा वाटतो. गावोगावच्या आरोग्य कार्यकर्त्या, ज्यांतील कित्येकींना अक्षरओळखही नव्हती, त्या नियमितपणे, आठवड्याच्या आठवड्याला जामखेडला येत, आपापल्या गावात काय घडले ते एकमेकींना सांगत आणि त्यातूनच शिकत. प्रशिक्षण संपले असे तिथे कधी म्हटले गेले नाही. आपल्या धाराशिव जिल्ह्यात अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने ‘भारतवैद्य’ घडवले तेही सातत्याच्या जोरावर. अक्षरओळख नसलेल्या स्त्रियांना जे मिळाले ते तीन आणि चार वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या परिचारिकांना शासनाच्या व्यवस्थेत का मिळू नये?

शिकवणार कोण, हा पुढचा प्रश्न. वीस वर्षांपूर्वी तो खरोखर अवघड होता. आज मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे: छत्रपती संभाजीनगर, अंबाजोगाई, नांदेड आणि लातूर ही जुनी, आणि गेल्या काही वर्षांत सुरू झालेली धाराशिव, परभणी, जालना व हिंगोली. प्रत्येकाशी जोडलेल्या रुग्णालयात वीस-पंचवीस वर्षे प्रसूतिगृहात काढलेल्या परिसेविका असतात. त्यांच्यापैकी काहींना मार्गदर्शक परिचारिका म्हणून नेमावे, महिन्यातले ठरावीक दिवस वाहन आणि भत्ता द्यावा, आणि प्रत्येकीकडे आठ-दहा केंद्रे सोपवावीत. त्यांच्याकडे तपासणीचा तक्ता देऊ नये. तक्ता हातात आला की मार्गदर्शक निरीक्षक होते आणि समोरची परिचारिका रजिस्टरे लपवू लागते. मार्गदर्शक परिचारिकेने रात्रपाळीत सोबत राहावे, एखादी प्रसूती बरोबरीने करावी, आणि परत गेल्यावरही फोन उचलावा. रात्री दोन वाजता ज्या परिचारिकेला शंका येते तिला व्याख्यानाची नव्हे, ओळखीच्या आवाजाची गरज असते. ही नेमणूक जिल्ह्याच्या हद्दीवर अडू नये. सोयगावच्या परिचारिकेला जळगावहून आणि आष्टीच्या परिचारिकेला अहिल्यानगरहून मार्गदर्शन मिळणे सोयीचे असेल, तर दोन जिल्ह्यांच्या अधिकाऱ्यांनी एका पत्राने ते जमवावे.

त्याच्या उलट दिशेचा प्रवासही हवा. दुर्गम केंद्रातील प्रत्येक परिचारिकेने वर्षातून दोन आठवडे मोठ्या प्रसूतिगृहात काम करावे. मात्र इथे खरी अडचण येते, आणि ती पैशाच्या आधी माणसांची आहे. ती गेल्यावर तिच्या जागी कोण? आज उत्तर असे आहे की कोणीच नाही. उपकेंद्राला कुलूप लागते, लसीकरणाचा दिवस पुढे ढकलला जातो, सरपंच फोन करतात, आणि पुढच्या वेळी वैद्यकीय अधिकारी तिचे नाव प्रशिक्षणाच्या यादीतून स्वतःच कमी करतात. त्यांना दोष देता येत नाही. यावर उपाय म्हणजे प्रत्येक दुर्गम तालुक्याला दोन बदली परिचारिकांची पदे मंजूर करणे. रिक्त पदांवर त्यांना बसवायचे नाही, हे आदेशातच लिहावे लागेल, नाहीतर महिन्याभरात त्या कुठल्यातरी रिकाम्या खुर्चीत कायमच्या जातील. आधी रिक्त पदे भरा, मग प्रशिक्षणाचे बोला, असा आक्षेप मला संघटनेतील मैत्रिणींकडूनच ऐकावा लागतो. रिक्त पदे भरलीच पाहिजेत. परंतु जिथे शिकायला मिळत नाही तिथे आलेली परिचारिका बदलीचा अर्ज पहिल्या दिवसापासून खिशात ठेवते, आणि पद पुन्हा रिक्त होते.

शिकवण्याचे विषय कोणी ठरवायचे, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला आणि २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. त्या वेळी खासगी दवाखान्यांवर पुष्कळ चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी होती. गावातल्या परिचारिकेविषयी मात्र कोणी फारसे बोलले नाही. अंगावरून पांढरे जाते, ओटीपोटात दुखते, पाळीमुळे कामावर खाडा झाला तर मुकादम पैसे कापतो, ही तक्रार घेऊन बाई आधी घरापासच्या उपकेंद्रात येऊ शकते. ही तक्रार औषधाने बरी होणारी असू शकते, गर्भाशयाची पिशवी काढणे हा त्यावरचा पहिला उपाय नव्हे, आणि तरुण वयात बीजकोशही काढले तर हाडांपासून मनापर्यंत काय भोगावे लागते, हे सांगण्याचे ज्ञान आणि सांगण्याची सवय आपण शिरूर कासारच्या किंवा धारूरच्या सेविकेला किती दिली? तिच्या प्रशिक्षणाच्या वेळापत्रकात राष्ट्रीय कार्यक्रम ओळीने असतात. तिच्या गावाचे दुखणे त्यात नसते.

याच स्थलांतराचा आणखी एक पैलू आहे. दिवाळीच्या सुमारास कोयते, म्हणजे ऊसतोडीची जोडपी, बाहेर पडतात. नोंद केलेली गर्भवती चौथ्या-पाचव्या महिन्यात सांगली, कोल्हापूर किंवा कर्नाटकातील फडावर जाते आणि बाळंत होऊन उन्हाळ्यात परत येते. मधल्या काळात तिचे रक्त किती होते, धनुर्वाताची लस झाली का, बाळाला कोणी पाहिले का, याची उत्तरे गावच्या सेविकेकडे मागितली जातात आणि ती देऊ शकत नाही. फडाजवळच्या केंद्रातील परिचारिकेला ही बाई कुठून आली हे ठाऊक नसते. दोघींची एकमेकींशी ओळख करून देणे, हंगामाआधी एक दिवस साखर कारखान्यांच्या पट्ट्यातील आणि मराठवाड्यातील परिचारिकांची एकत्र बैठक घेणे आणि फोन क्रमांकांची यादी करणे, एवढ्याने पुष्कळ काम होईल. दुसऱ्या जिल्ह्यात आपल्यासारखेच काम करणारी एक सहकारी आहे, तिला विचारता येते, हे कळणे हाही परिचारिकेला मिळणारा मोठा आधार आहे. भाषेचाही असाच प्रश्न आहे. माहूर-किनवटच्या गोंड व कोलाम वस्त्यांत आणि मराठवाडाभर पसरलेल्या बंजारा तांड्यांवर पुस्तकी मराठीत दिलेला सल्ला अर्धाच पोचतो. बंजारांच्या गोरमाटी बोलीतली किंवा कोलामीतली पन्नास वाक्ये शिकवणे हे प्रशिक्षणच आहे.

निवासस्थान, पाणी आणि रात्रीची सुरक्षितता यांवर अनेकांनी लिहिले आहे, म्हणून थोडक्यात लिहिते. मुख्यालयी राहण्याची सक्ती करणाऱ्या शासनाने मुख्यालयी राहण्याजोगे घर देणे ओघानेच येते. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारी, दाराला नीट कडी नसलेल्या खोलीत लेकरांना घेऊन राहणारी परिचारिका रात्री पुस्तक उघडेल अशी अपेक्षा कोणी करू नये. आरोग्यसेवकांवरील हिंसाचाराविरुद्धचा राज्याचा कायदा २०१० पासून अस्तित्वात आहे. केंद्रात रात्री दुसरे माणूस असणे ही त्याची पहिली अंमलबजावणी ठरेल.

चांगले शिकवले की परिचारिका शहरात किंवा परदेशात निघून जातात, असे म्हणणारे अधिकारी मला भेटले आहेत. काही जातातही. पण जाण्याचे कारण शिक्षण असते, की शिक्षणाला इथे काही किंमत नसणे? सहा महिन्यांचा अभ्यासक्रम करून आरोग्य सहाय्यिका होण्याची एकच पायरी सेविकेपुढे असते, आणि ती गाठण्याआधीच कित्येकी निवृत्त होतात. प्रसाविकेच्या स्वतंत्र संवर्गासाठी केंद्राने २०१८ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आणि त्यासाठी अठरा महिन्यांचे प्रशिक्षण ठरवले. दुर्गम तालुक्यात पाच वर्षे काम केलेल्या पात्र परिचारिकेला अशा प्रशिक्षणात प्राधान्य, शिकताना पूर्ण वेतन आणि परतल्यावर वाढीव पद मिळणार असेल, तर तिला थांबण्याचे कारण मिळेल. तिने थांबावे यासाठी तिला कमी शिकवणे हा विचार मला परिचारिकेचा आणि तिच्या रुग्णाचाही अपमान करणारा वाटतो.

जालना जिल्ह्यातील देहेड गावच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणात, महाड परिसरातील प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना विंचूदंशाच्या रुग्णांच्या उशाशी बसून निरीक्षणे नोंदवली आणि प्राझोसिन या औषधाच्या वापराने मृत्यू टाळण्याची वाट दाखवली. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. प्राथमिक आरोग्य केंद्र ही ज्ञान निर्माण होण्याची जागा आहे याचा याहून जवळचा दाखला मराठवाड्याला नको. रुग्णाच्या उशाशी सर्वात जास्त वेळ परिचारिका असते. तिने काय पाहिले हे लिहून ठेवण्याची वही, ते विचारणारे कोणी आणि ते मांडण्याची जागा तिला अजून मिळालेली नाही. मासिक सभेतील त्या अडीच तासांत ती मिळू शकते.

यातील बदली परिचारिकांच्या पदांना मुंबईची मंजुरी लागेल, त्याला वेळ जाईल, हे मला समजते. सभेचे अडीच तास मात्र जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याच्या एका परिपत्रकाने पुढच्याच महिन्यात राखता येतात, आणि परिचर्या परिषदेची मान्यता मागाहून घेता येते. सुरुवात किनवट, माहूर, आष्टी आणि सोयगाव या चार तालुक्यांपासून करावी. प्रत्येक प्रसूतिगृहात सरावाची एक बाहुली आणि एक पिशवी-मास्क द्यावा. त्यांची नोंद वापरून झिजणाऱ्या वस्तूंमध्ये करावी, डेड स्टॉकमध्ये करू नये, आणि त्या ठेवायच्या कपाटाला कुलूप नसावे.